बुराईकाठचा आखाजीचा बार

आमच्या परसात उभं राहिलं की माझं माहेर दिसतं. मधे फक्त बुराई नदी, आणि वैशाखात तिला पाणी असून असून किती, घोटा बुडेल एवढं, तेही धारेपुरतं. अलीकडे आमचं पिंपळकोठे, पलीकडे माझं निंबोळे. सकाळी मी चुलीपुढे बसले की पलीकडून माझी आई म्हशीला हाका मारते ती ऐकू येते. आवाजच तसा आहे तिचा. मांडीवर दूध पिणारी पुष्पीसुद्धा मधेच थांबते, डोळे मोठे करते, जणू आजीने तिलाच बोलावलंय.

एवढं हाकेवरचं माहेर, आणि त्या वर्षी आखाजीला मला तिथे जायची बंदी होती.

आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे तुमची अक्षय तृतीया, दिवाळीहून मोठी. सासुरवाशिणीला न्यायला भाऊ गाडी जुंपून येतो, त्याला मुराळी म्हणायचं. माहेरी गौराई मांडलेली असते, निंबाला झोका टांगलेला असतो, आणि पदर कमरेला खोचून दिवसभर झोक्यावर गाणी म्हटली तरी कुणी काही बोलत नाही. पुष्पीला तिच्या पहिल्या आखाजीला आईच्या निंबाखालच्या झोक्यावर घेऊन बसायचं, हे मी ती पोटात होती तेव्हापासून ठरवून ठेवलं होतं. घरोघर मुराळी यायला लागले. गावातल्या सुना एकेक करून गाडीत बसून गेल्या, जाताना माझ्याकडे बघून हात हलवून गेल्या. माझा मुराळी मात्र नदीपलीकडे शिवणयंत्र चालवत बसला होता, आणि अलीकडे माझे सासरे त्याचं नाव निघालं की तोंडातलं पान थुंकत होते.

भांडण जमिनीचं नव्हतं, मानपानाचंही नव्हतं. भांडण भाषेचं होतं.

ते छप्पन साल. कुठला मुलूख कुठल्या राज्यात जाणार यावर जो तो बोलत होता. माझे सासरे रुपचंद आबा म्हणजे समितीचे खंदे माणूस. 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे त्यांनी आमच्या बैलांच्या झुलीवरसुद्धा लिहवून घेतलं होतं. आणि माझा धाकटा भाऊ पितांबर. शिकायला धुळ्याला गेला, तिथे वर्गात तोंडातून अहिराणी निघाली म्हणून बाकावर उभा राहिला, पोरं फिदीफिदी हसली, आणि हा शाळा सोडून जळगावला शिवण शिकायला निघून गेला. ते हसणं काही त्याच्या मनातून गेलं नाही. परत आल्यावर त्याने 'अहिराणी मंडळ' काढलं. आमची बोली वेगळी, आमची माणसं वेगळी, तर आमच्या खानदेशाचाही वेगळा विचार व्हावा, असं मंडळाचं म्हणणं. सभासद मोजकेच, बहुतेक सगळे त्याच्याकडे सदरे शिवायला टाकणारे. पण झेंडा होता. कुणाच्या तरी लग्नातल्या पिवळ्या कापडाचा उरलेला तुकडा आणि निळं अस्तर जोडून त्याने तो स्वतः शिवला होता, आणि माहेरच्या छतावर भला मोठा बांबू उभारून लावला होता. आमच्या ओट्यावरून तो अगदी स्वच्छ दिसायचा. आबांनी त्यासाठी बसायची जागा बदलली, पाठ नदीकडे केली. पण वारा सुटला की त्याची फडफड ऐकू यायचीच.

ठिणगी पडली ती पुष्पीच्या बारशाला. बाळंतपण माझ्या माहेरी झालेलं, म्हणून बारसंही तिथेच. पंगत उठली, पान-सुपारी झाली, आणि विषय निघाला.

आबा म्हणाले, "आपन बठ्ठा, दोन्ही काठना, मराठी शेतस! अहिराणी काय भाषा शे का? ती आपली घरनी बोली शे!"

पितांबर उठून उभा राहिला. खिशाला पेन लावून. "आबासाहेब, आपला हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. अहिराणी ही स्वतंत्र भाषा असून तिला तिचा न्याय्य हक्क मिळालाच पाहिजे."

"काय बोली ऱ्हायना तू? माले काही समजनं नही!"

मराठीसाठी भांडणारा अहिराणीत बोलत होता आणि अहिराणीसाठी भांडणारा वर्तमानपत्रातल्या मराठीत. पाळण्यापाशी आम्ही बायका पदर तोंडात कोंबून हसत होतो. पण बोलता बोलता आवाज चढले. आबांना खरी भीती वाटत होती. आपणच आपल्याला वेगळं म्हणवून घेतलं तर उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल, हे मराठी नाहीतच, घ्या यांना तिकडे गुजरातेत. आणि पितांबरची भीती दुसरीच. मराठी राज्यात गेलो तरी आपण बाकावरच उभे राहणार, आणि पोरं हसणारच. दोघंही खोटं बोलत नव्हते. एवढ्यात पितांबर म्हणून गेला, "ज्यांना स्वतःच्या आईची भाषा म्हणायची लाज वाटते, त्यांनी आम्हाला शिकवू नये."

आबा ताडकन उठले. पायात जोडा घालता घालता म्हणाले, "त्याना छतवरला झेंडा उतरस नही, तवलोंग मनी सून नदी वलांडनार नही!"

पितांबर म्हणाला, "मी झेंडा उतरवणार नाही."

संपलं. मी पुष्पीला घेऊन अलीकडे आले ती आलेच.

आमचे हे अंमळनेरच्या गिरणीत कामाला. सुटीला घरी आले की वडील आणि मेहुणा यांच्या मधे पडायला नको म्हणून गोठ्यातच जास्त वेळ काढायचे. त्या वर्षी आमच्या म्हशी फार स्वच्छ होत्या.

घरात माझी बाजू घेणारं माणूस एकच, माझी सासू, झुंबरबाई. बाजू घेते असं तोंडाने कधी म्हणाली नाही. तिचं माहेर लांब तापीकाठचं, आता तिथे कुणी उरलेलं नाही, म्हणून आखाजीला ती सासरच्याच काठावर असते. एकदा मी परसात उभी राहून पलीकडे बघत होते, तर मागून येऊन म्हणाली, "माले माहेर ऱ्हातं ना, तर मी पुरमा बी पोहीसन गयी असती." आणि गोवऱ्या उचलून निघून गेली.

आता बारविषयी सांगायला हवं. आखाजीला गौराई बोळवायला दोन्ही गावच्या बायका नदीवर जातात, आणि काठाकाठावर उभ्या राहून एकमेकींना शिव्या देतात. गाण्यातून, गद्यातून, हातवारे करून. ढेकळंही फेकतात. याला बार म्हणायचं. वर्षभराचं पोटातलं सगळं त्या दिवशी नदीत सोडायचं, राग कुणी धरायचा नाही. एकच नियम, बार चालू असताना पुरुषाने नदीत उतरायचं नाही. उतरला तर तो दोन्ही काठांचा. आमच्या काठाची पुढारी माझी सासू, आणि पलीकडची माझी आई, बेबाबाई. दोघी एरवी एकमेकींना लोणचं पाठवतात.

आखाजीच्या आदल्या दिवशी आबांनी फर्मान काढलं. "यंदा बार नही. पुनाहून समितीना मोठा मानूस ई ऱ्हायना. आपला मुलूख मराठी शे का, ते देखाले. त्याना समोर शिव्या? काय शोभा व्हई आपली?"

"बरं," सासू म्हणाली.

तिच्या 'बरं'चा अर्थ घरात सगळ्यांना माहीत होता, आबा सोडून.

पाहुणे आले ते करंदीकर. गोरे, शिडशिडीत, खादीचा झब्बा, उन्हाने नाक लाल झालेलं. आज आखाजी आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. पुण्याच्या पंचांगात ती अक्षय तृतीया म्हणून गुपचूप येते आणि जाते. ताटात खापरावरचे मांडे बघून ते म्हणाले, "हा रुमाल आहे की पोळी?" आबांनी दोन दिवस घोकलेली मराठी बाहेर काढली. "आपण आमरस ग्रहण करावा." भडगावहून माहेरपणाला आलेली माझी नणंद लताबाई वाढत होती, ती हातातलं पातेलं खाली ठेवून आत पळाली आणि पोट धरून हसली. "वहिनी, आबाले काय व्हयनं वं?"

जेवणं आटोपली. आबा पाहुण्यांना घेऊन ओट्यावर बसले, आणि सासू मागच्या दाराने निघाली. मला म्हणाली, "चाल नदीवर. पुष्पीले बी ले. चांगलं लुगडं नेस." तिच्या हातात गाठोडं होतं. पुष्पीची झबली, दुपटी, टोपडं, वर सांजोऱ्यांची पुरचुंडी.

"एवढं कशाला, आत्या?"

"पोर ओली व्हई ते बदलाले लागतीन ना कपडा," ती म्हणाली. चार-चार झबली! मी लुगडं नेसायला पळाले.

नदीवर येऊन बघते तर पलीकडचा काठ फुलला होता. माझ्या मैत्रिणी, चुलत बहिणी, सगळ्या नव्या लुगड्यांत. मधोमध आमची गौराई, आणि गौराईवर चार काठ्यांना बांधून उन्हासाठी धरलेलं छत. पिवळं आणि निळं. मी डोळे चोळून बघितलं. पितांबरचा झेंडा. मान वळवून माहेरच्या छताकडे बघितलं, तर नुसता बांबू.

आईने सुरुवात केली. "ए झुंबर! मनी पोर कोंडी ठेवस का वं! तुना घरना मांडा देखा मी, चाळनी बरी त्यानापेक्षा!"

सासूने पदर खोचला. "ए बेबा! तुना आंडोरले, त्या पितांबरले सांग, सुई-दोरा ठेव, बैल जुप! का बैलसले बी झबला शिवी ऱ्हायना तो?"

दोन्ही काठ हसले. मग जे सुरू झालं! लताबाई भडगावच्या गिरणा नदीचं सगळं पाणी अंगात आल्यासारखी सुटली. ढेकळं उडाली. पुष्पी माझ्या कडेवर हरखून टाळ्या पिटत होती. आणि मी? ज्या काठाला मी सगळं आयुष्य माझा म्हटलं, त्याला शिव्या कशा द्यायच्या? दर वर्षी मी पलीकडून देते! सासू माझ्याकडे न बघताच म्हणाली, "कमल, आते तू."

"माले नही जमनार, आत्या."

"जमस. कोनले द्यावानी ते देखी ले, मंग जमस."

मी बघितलं. पलीकडे वर, आमच्या घराच्या दारात, गळ्यात टेप अडकवून पितांबर उभा होता. माझा मुराळी. मग आपोआप निघालं, आणि आवाज आईवरच गेला माझा:

"झेंडा लावा छतवर, गाडी नही जुपी रे,
बहीन वाट देखस तुनी, कोठे बठना लपी रे!"

पलीकडच्या बायकांनी, माझ्याच मैत्रिणींनी, तेच गाणं उचललं आणि पितांबरकडे तोंड करून म्हटलं. मग अलीकडच्यांनी. पितांबरचा चेहरा मला एवढ्या लांबूनही दिसला. लहानपणी पडला आणि रडायचं नाही असं ठरवलं की व्हायचा तसा. आणि तो धावत सुटला. सरळ नदीत.

इकडे ओट्यावर काय झालं ते आखाजीच्या सुटीवर आलेल्या ह्यांनी मला नंतर सांगितलं. गलका ऐकून करंदीकरांनी विचारलं, "हे काय चाललंय?" शिव्या चालल्या आहेत हे आबा कसं सांगणार? म्हणाले, "बायका आहेत. नदीवर... चर्चा करतात."

"कशावर?"

"असंच. दोन्ही गावांचं."

करंदीकर उठून बघतात, तर दोन काठांवर दोन फळ्या, ढेकळांचा मारा, पलीकडे अनोळखी झेंडा, आणि एक तरुण पुरुष आवेशाने चालून येतोय. त्यांना वाटलं, भाषेवरून दंगल पेटली! माणूस पुण्याचा असला तरी छातीचा. दोन्ही हात वर करून "भगिनींनो! शांतता! आपण सारे एक आहोत!" असं ओरडत ते उतारावरून पळाले, आणि त्यांना थांबवायला आबा त्यांच्यामागून धोतर सावरत.

तिघं पुरुष एकाच वेळी धारेत. क्षणभर दोन्ही काठांना आपल्या भाग्यावर विश्वासच बसेना. मग आई ओरडली, "धरा वं!" आणि सासू ओरडली, "सोडू नका वं!" आणि दोन्ही गावच्या बायका खाली उतरल्या. ओली ढेकळं, ओंजळीने पाणी, आणि शिव्या, आता एकत्र, एका सुरात. करंदीकरांचा चष्मा चिखलाने भरला. ते मधोमध उभे राहून विचारत होते, "पण भांडण कोणाचं कोणाशी आहे?"

"दंड!" लताबाईने हाक दिली. "एकेक शिवी द्या, मंग सुटा!"

आधी आबा. पाहुण्यांसमोर मराठीची लाज राखायची होती. छाती पुढे काढून ते पलीकडच्यांना म्हणाले, "तुम्ही... तुम्ही अत्यंत अयोग्य माणसे आहात."

हसून हसून एक जण पाण्यात बसली. "ही काय शिवी शे, आबा? हाई ते आशीर्वाद शे!"

पितांबरची तीच गत. "आपले हे वर्तन निषेधार्ह आहे," म्हणाला, आणि त्याच्यावर तिन्ही बाजूंनी पाणी आलं. शेवटी एक मोठं ढेकूळ नेमकं आबांच्या टोपीवर बसलं, पितांबर खुदकन हसला, आणि आबांच्या आतलं जे होतं ते बाहेर पडलं. अशी शिवी की पितांबरच्या सात पिढ्यांचे पायजमे सुटले. पितांबरनेही तशीच परतवली, चढ्या भावात, आमच्या आजोबांच्या अस्सल अहिराणीत. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. बारशापासून पहिल्यांदा त्यांना एकमेकांचं बोलणं समजलं असावं.

करंदीकरांनी चष्मा पुसला आणि माझ्या सासूला विचारलं, "बाई, तुमची मातृभाषा नक्की कोणती?"

"जीमा शिव्या देवाले मजा येस ती," सासू म्हणाली.

करंदीकर जे हसायला लागले ते थांबेचनात. हसता हसता त्यांची नजर माझ्याकडे गेली, पुष्पीकडे, गाठोड्याकडे. "आणि ह्या? ह्यांचं गाणं ऐकून तर हे गृहस्थ धावत आले."

"मनी सून," सासू म्हणाली. "समोरनं माहेर शे तिनं. जाऊ देतस नही."

"समोरचं? हे?" त्यांनी घोटाभर पाण्याकडे बघितलं, मग आबांकडे. "आबा, राज्यांच्या सीमा दिल्लीत ठरायच्यात अजून. तुम्ही आधीच आखून टाकल्यात?"

आबांनी खाली बघितलं. त्यांचं मन वळलं होतं, मला दिसत होतं, पण तोंडातून गेलेला शब्द आडवा पडला होता. "मी बोलेल शे," ते हळूच म्हणाले. "छतवरला झेंडा उतरस नही तवलोंग—"

"ते देखा ना मंग," सासूने बोट दाखवलं. "छतवर झेंडा शे का?"

सगळ्यांनी वर बघितलं. नुसता बांबू.

पितांबर ओरडला, "माय! मना झेंडा?"

"गौराईले ऊन लागी ऱ्हायनं व्हतं," आई शांतपणे म्हणाली. "तू नही उतारा, मी उतारा. तुना शब्द बी ऱ्हायना, याहीसना बी ऱ्हायना."

आई आणि सासू यांनी एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. एवढं न बघणं मी पहिल्यांदाच बघत होते.

आबा माझ्याजवळ आले. मी मान खाली घातली. त्यांनी पुष्पीला माझ्या कडेवरून उचललं, तिच्या नाकावरचा चिखल आपल्या ओल्या उपरण्याने पुसला, त्यामुळे तो आणखीनच पसरला, आणि धार ओलांडून तिला पितांबरच्या हातात दिलं. "धर," म्हणाले. "मुराळी शेस ना? आते तरी मुराळीसारखा वाग."

"गाडी जुंपून आणू का?" पितांबरने विचारलं. गोंधळला होता बिचारा.

"आते काय गाडी! दोन पावलंवर घर शे!"

करंदीकरांनी माझं गाठोडं उचललं. मी नको नको म्हणत होते, पण म्हणाले, "मला पलीकडचंही मराठी बघायचंय," आणि पितांबर लगेच म्हणाला, "अहिराणी म्हणा," आणि आबा म्हणाले, "व्हयनं का परत सुरू!" असे ते तिघं भांडतच चढ चढले. ते भांडण अजून मिटलेलं नाही. हल्ली ते आमच्या ओट्यावर चालतं आणि चहा मला करावा लागतो.

मी माहेरच्या वाळूवर पाय ठेवला. ते चढ चढायच्या आधीच आईने पुष्पीला मामाच्या हातातून ओढून घेतलं होतं, आणि तिचे इतके मुके घेतले की पोर घाबरून गेली. झोका वर निंबाखाली हलत होता. मला धावत जायचं होतं.

तेवढ्यात मागून हाक आली. वळून बघते तर पलीकडच्या काठावर, म्हणजे आता माझ्यासाठी पलीकडच्या, माझी सासू कमरेवर हात ठेवून उभी. दिवस कलला होता, पण बार संपलेला नव्हता.

"कमल! माहेरले गयी, जीभ इसरनी का? दे आते!"

मी आईकडे बघितलं. आईने पुष्पीला कडेवर सरकवलं आणि मला जागा करून दिली. मी पदर खोचला, एक ढेकूळ उचललं, आणि माझ्या सासूला, जिने मला इथवर पोचवलं तिला, पोटभर शिव्या दिल्या. तिच्या पोळ्यांपासून सुरुवात करून तिच्या नवऱ्याच्या टोपीपर्यंत गेले. एकेक शिवी झेलत ती मान डोलवत होती, आणि माझ्यामागे, माहेरच्या चढावर, टोपीतला चिखल झटकत आबा एवढे हसत होते की त्यांना खाली बसावं लागलं.